मारुती ८०० वरून घरच्या घरी ड्यून बग्गी: नाशिकच्या जमिनीसाठी काय, किती आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिंडोरीकडे स्वतःची अडीच एकर मोकळी जमीन आहे, दारात कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० पडून आहे, घरी वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे. दोन सीटची बग्गी (पाइपांच्या पिंजऱ्याची उघडी गाडी) बनवायची तर इंजिन बाइकचं घ्यावं की ८०० चंच ठेवावं, पाइप कोणता वापरावा, आणि तयार झाल्यावर ती रस्त्यावर आणता येईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं ठरतं. रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या ८०० चं आरसी बुक वापरून बग्गी फिरवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या गाडीचा विमाही बग्गीला लागू होत नाही. गाडी कापली की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. त्यामुळे पेठ रोडच्या आरटीओत जाऊन नोंदणी रद्द करण्याची रीत आधी विचारा आणि मगच कटर लावा. बग्गी फक्त खासगी जमिनीवर चालवायची आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायची तर छोट्या हत्तीवर चढवून. वनखात्याची जमीन आणि नदीपात्र ही खासगी जमीन नाही, हेही धरून चाला.

आता इंजिन. ८०० चंच ठेवा. बाइकचं २२० सीसीचं इंजिन २० अश्वशक्तीच्या आसपास देतं, पण टॉर्क १९ न्यूटन-मीटरच्या घरात, तोही वरच्या आरपीएमवर. ८०० चं ७९६ सीसी इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती आणि ५९ न्यूटन-मीटर देतं, तेही २५०० आरपीएमच्या आसपास. दोन माणसं धरून बग्गी ६०० किलोच्या जवळ जाते. त्या वजनाला बाइकचा क्लच चढावर अर्ध्या दाबात सतत घासतो आणि जळतो. एअर-कूल्ड इंजिनाला पिंजऱ्याच्या मागे वारा लागत नाही, रिव्हर्स गिअर नसतो, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) वेगळा शोधावा लागतो. एका माणसाची २५० किलोची बग्गी असती तर बाइकचं इंजिन चाललं असतं. तुमच्या कामाला नाही.

८०० ची खरी देणगी इंजिनापेक्षा मोठी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), लोअर आर्म (नकलला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आणि शॉकअप हा सगळा पुढचा संच एका जागी, एकमेकांशी जुळवलेला आहे. बग्गी बनवणं म्हणजे हा संच जसाच्या तसा उचलून दोन सीटच्या मागे ठेवणं. १९६० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी मेयर्स मँक्स ही ड्यून बग्गी विकायला काढली तेव्हा फोक्सवॅगन बीटलचा फ्लोअर सुमारे ३६ सेंटीमीटरने आखूड केला, पण मागचं इंजिन आणि सस्पेन्शन बीटलचंच ठेवलं. विचार तोच. घरगुती बग्ग्या बहुतेक वेळा बिघडतात त्या इंजिनामुळे नाहीत, तर जुळलेली भूमिती अंदाजाने पुन्हा मांडायला गेल्यामुळे.

संच मागे नेताना तो फिरवायचा नाही. इंजिनाचं तोंड होतं त्याच दिशेला राहिलं पाहिजे. उलटं फिरवलं की पुढे जायला एकच गिअर आणि मागे जायला चार, अशी अवस्था होते. न फिरवता ठेवलं की इंजिन मागच्या चाकांच्या किंचित पुढे, सीटच्या पाठीशी येतं आणि वजन साधारण पुढे ४०, मागे ६० टक्के असं वाटलं जातं. बग्गीला हेच हवं.

गाडी उघडण्याआधी जिग, म्हणजे मूळ मापं धरून ठेवणारी चौकट, बनवा. हे या उत्तरातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे, त्याला दोन पूर्ण दिवस द्या. गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर लेव्हल करा. ४० × ४० चौकोनी पाइपची एक चौकट करा आणि ती गाडीच्या मूळ बोल्टांच्या जागी बसवा: दोन्ही लोअर आर्मचे पिव्होट, दोन्ही शॉकअपच्या वरच्या टोप्या, स्टॅबिलायझर बारचे दोन ब्रॅकेट, इंजिनाचे माउंट, आणि स्टिअरिंग रॅकची दोन्ही आतली टोकं. ओळंबा सोडून हबच्या मध्यापासून प्रत्येक बिंदूचं अंतर आणि उंची लिहून ठेवा. चौकट टॅक करून (वेल्डचे छोटे ठिपके देऊन) पक्की झाली की सोडवून बाजूला ठेवा. पुढे बग्गीचा मागचा भाग या चौकटीभोवती वेल्ड करायचा. मग टेपने मोजत बसावं लागत नाही आणि ड्राइव्ह शाफ्ट दोन्ही बाजूंना मूळ कोनात बसतात.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली म्हणजे स्टॅबिलायझर बार. "बग्गीला काय गरज" म्हणून लोक तो काढून टाकतात. ८०० मध्ये हा बार फक्त झोल कमी करत नाही. लोअर आर्म पुढे-मागे सरकू नये म्हणून तोच त्याला धरून ठेवतो. आर्मला आत एकच पिव्होट आहे. बार काढला की ब्रेक मारताना किंवा क्लच सोडताना चाक पुढे-मागे डुलतं, बुश फाटतो आणि शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर ओढला जातो. दुसरी गोष्ट टाय रॉड. मागची चाकं आता वळायची नाहीत, म्हणून नकलच्या स्टिअरिंग आर्मला टाय रॉड लावून त्याचं आतलं टोक चॅसिसला कायमचं बांधायचं. ते टोक रॅकचं टोक जिथे होतं नेमक्या त्याच बिंदूवर पाहिजे. २० मिमी वर-खाली झालं तरी खड्ड्यात चाक वर जाताना स्वतःहून वळतं आणि वेगात मागचा भाग फेकला जातो. जिगवर हा बिंदू घ्यायला म्हणूनच सांगितलं. टाय रॉड ॲडजस्टेबलच ठेवा, मागच्या चाकांचा टो-इन (चाकांची पुढची टोकं आत झुकण्याचं माप) ० ते २ मिमी लावता येतो.

गिअरची लिंकेज हा पुढचा पेच. ८०० च्या गिअरबॉक्समधून गिअरचा दांडा मागच्या दिशेने निघतो, कारण मूळ गाडीत ड्रायव्हर मागे असतो. आता ड्रायव्हर पुढे आहे. दांडा वळवून इंजिनाच्या बाजूने पुढे आणता येतो, पण दर जोडाला थोडा खेळ येतो आणि चार जोड झाले की तिसरा आणि चौथा गिअर सापडेनासा होतो. केबलवर चालणारा गिअर लिव्हर असलेल्या नंतरच्या एखाद्या गाडीचा लिव्हर आणि दोन्ही केबल भंगारातून घ्या. एक केबल गिअरबॉक्सच्या दांड्याला पुढे-मागे ढकलेल, दुसरी त्या दांड्यावर बसवलेल्या आर्मला फिरवेल. पहिल्याच्या जागी दुसरा गिअर पडू लागला तर केबल लिव्हरच्या पिव्होटच्या दुसऱ्या बाजूला जोडा, चाल उलटते. केबलच्या बाहेरच्या आवरणाची दोन्ही टोकं हलणार नाहीत अशी क्लॅम्प करा. नाहीतर लिव्हर हलतो, गिअरबॉक्स नाही. क्लच केबलचंच काम आहे, फक्त लांबी साधारण अडीच मीटर लागेल. केबल बनवून घ्या आणि तिला १५० मिमीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका.

पाइपबद्दल बोलताना आधी मापाचा घोळ संपवू. दुकानात "एक इंची" मागितला की पाण्याचा पाइप मिळतो, त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो; "दीड इंची"चा ४८.३. तुम्ही नेहमी बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. पाण्याचा जीआय पाइप तर मुळीच नको. त्यावरचं जस्त वेल्डमध्ये बुडबुडे करतं आणि त्याचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, बिनजोड) किंवा सीडीडब्ल्यू (वेल्ड करून थंड ओढलेली) नळी घ्या. वाहनांसाठीच्या नळ्यांचं भारतीय मानक आयएस ३०७४ आहे, बिलावर ते लिहून मागा. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे इतके कारखाने आहेत की ही नळी मागवून घेणं अवघड नाही.

मापं अशी घ्या. डोक्यामागची मुख्य कमान ४५ × २.५ मिमी, एकसंध, मध्ये जोड नाही. पुढची कमान, छताचे दोन पाइप, मागचे तिरके आधार आणि दोन्ही बाजूंचे खालचे मुख्य पाइप ३८ × २.५ मिमी. ही दोन्ही मापं एफआयए या मोटारस्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतलीच आहेत. बाकीचे कर्ण, सीटचे आणि रेडिएटरचे आधार २५.४ × २ मिमी चालतात. लांबी ४५ ची ५ मीटर, ३८ ची २२ मीटर, २५.४ ची १८ मीटर धरा. नळी ६ मीटरची येते, म्हणजे एक, चार आणि तीन नग. वजन अनुक्रमे मीटरला २.६, २.२ आणि १.१५ किलो, एकूण ८२ किलोच्या आसपास; प्लेटा धरून ९५. यापेक्षा बरंच जास्त भरत असेल तर कुठेतरी विनाकारण पाइप लावला आहे.

वाकवण्याचं काम हार्डवेअरच्या दुकानातल्या जॅकवाल्या बेंडरवर करू नका. तो पाइपला मध्ये ढकलतो आणि पाइप आतून चेपतो. सीएनसी किंवा रोटरी ड्रॉ बेंडरवर करून घ्या, वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा. वळणावर कॅलिपर लावून दोन्ही दिशांनी व्यास मोजा. लहान माप मोठ्याच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी आलं तर तो पाइप मुख्य कमानीला वापरू नका.

पिंजऱ्याचा एक नियम: चौकोन रिकामा ठेवायचा नाही. चौकोन तिरका दबतो, त्रिकोण दबत नाही. मुख्य कमानीत एक कर्ण, तिच्या मागे दोन तिरके आधार थेट मागच्या शॉकअपच्या टोप्यांजवळ उतरवा. त्या टोप्या चाकाचा सगळा मार घेतात. तिथे ५ मिमी प्लेट, मूळ गाडीइतकीच भोकं, आणि प्लेटच्या कडेला तीन दिशांनी येणारे पाइप हवेत. हेल्मेट घालून सरळ बसल्यावर डोकं आणि पाइप यांत १५० मिमी जागा ठेवा. उंच माणसाला बसवून मोजा.

पाइपची तोंडं माशाच्या तोंडासारखी कापून एकमेकांवर बसली पाहिजेत, फट १ मिमीच्या आत. फट वेल्डने भरणं म्हणजे तिथे तडा पेरणं. मिग (वायर आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग मशीन) असेल तर ०.८ मिमी ईआर ७०एस-६ वायर, २.५ मिमी जाडीला ९० ते १२० अँपिअर. घरचं साधं आर्क मशीन असेल तर २.५ मिमीचा रॉड ७० ते ९० अँपिअरवर. ७०१८ रॉड जोरदार, पण तो कोरडा पाहिजे. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की ओल धरतो आणि वेल्ड ठिसूळ होतो. आधी सगळा सांगाडा टॅक करा, दोन्ही कर्ण मोजा, फरक ३ मिमीच्या आत आणा. मग समोरासमोर, उलटसुलट बाजूंनी थोडं-थोडं वेल्ड करा. एकाच कोपऱ्यात बसून पूर्ण केलं तर सांगाडा पिळतो. पहिल्यांदा वेल्डिंग करत असाल तर टॅकपर्यंत तुम्ही करा आणि पक्कं वेल्डिंग सातपूरमधल्या चांगल्या वेल्डरकडून घ्या. जीव त्या जोडांवर आहे, इथे पैसे वाचवू नका.

पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या ८०० चा पुढचा संच भंगारातून लागेल: नकल, हब, लोअर आर्म, स्टॅबिलायझर, शॉकअप. स्टिअरिंग रॅक तुमच्याच गाडीचा. ८०० चं उत्पादन २०१४ पर्यंत चालू होतं, त्यामुळे हे सगळं सहज मिळतं. इथे एक धोका लक्षात ठेवा. पुढच्या चाकांना आता ड्राइव्ह शाफ्ट नाही, पण हब आणि बेअरिंग एकत्र दाबून धरण्याचं काम शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा दांडाच करतो. म्हणून जुना जॉइंट कापून त्याचा दांडा हबमध्ये ठेवायचा आणि मधला नट टॉर्क रेंचने मूळ गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा. दांडा न ठेवता हब बसवला तर बेअरिंग थोड्याच वेळात उघडतं आणि चाक निघून येतं.

पुढची स्प्रिंग मात्र मूळ ठेवून चालणार नाही. ती इंजिनाच्या वजनासाठी आहे, आता तिथे इंजिन नाही. लोक मग स्प्रिंग कापतात. कापलेली स्प्रिंग खाली बसते, पण नरम होत नाही, उलट कडक होते, कारण कामाची वेटोळी कमी झाली. हिशोब असा करा: बग्गी ४५० किलो, दोन माणसं १४०, एकूण ५९०. पुढे ४० टक्के म्हणजे २३६, एका चाकावर ११८. त्यातून चाक-हबचं २५ किलो वजा केलं की स्प्रिंगवर ९३ किलो. आरामाची लय सेकंदाला दीड झोका धरली तर ताठरपणा मिलिमीटरला साधारण ८.३ ते ८.६ न्यूटन लागतो. स्प्रिंगचा ताठरपणा = ७९,००० × तारेच्या व्यासाचा चौथा घात ÷ (८ × स्प्रिंगच्या सरासरी व्यासाचा तिसरा घात × कामाची वेटोळी). ९ मिमी तार, १०० मिमी सरासरी व्यास आणि साडेसात कामाची वेटोळी घेतली की ८.६ येतं, मोकळी लांबी ३०० मिमी. तुमच्या शॉकअपच्या सीटचा व्यास वेगळा असेल तर याच सूत्रात घाला आणि आकडे स्प्रिंगवाल्याला लिहून द्या. "जरा नरम करा" असं तोंडी सांगू नका. स्प्रिंग नरम केली की शॉकअपचं तेलही पातळ भरून घ्या. मूळ शॉकअप हलक्या गाडीला इतका सावकाश उघडतो की लागोपाठ खड्ड्यांत पुढचा भाग खाली बसतच जातो.

मागे मूळ पुढची स्प्रिंगच ठेवा. तिथे लागणारा ताठरपणा मिलिमीटरला १६ न्यूटनच्या आसपास येतो, तो तिच्या जवळच आहे. वजन थोडं कमी झाल्याने मागचा भाग जरा वर उभा राहील, तेवढं चालतं. वॉशर किंवा रबर घालून आणखी उचलू नका. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटून जॉइंट धूळ खातो. जमिनीपासूनची उंची स्प्रिंगने मिळवायची नसते. लोअर आर्मच्या पिव्होटपेक्षा फ्लोअरचे पाइप वर घ्या, तिथे हवी तेवढी मिळते. २३० ते २५० मिमी पुरेसे आहेत.

जास्त उंचीचा मोह का टाळायचा, तेही आकड्यांत बघा. ८०० च्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १२१५ मिमी. गुरुत्वमध्य ५०० मिमीवर असेल तर निम्मं अंतर भागिले उंची १.२ येतं. तोच मध्य ६०० वर गेला की १.०१. म्हणजे १०० मिमीने गाडी तिरक्या उतारावर आणि वळणावर उलटण्याच्या कितीतरी जवळ गेली. बॅटरी, पेट्रोल टाकी, सीट, सगळं खाली ठेवा. छतावर स्टेपनी आणि लाइटची पट्टी लावू नका, दिसायला कितीही छान वाटलं तरी. चाकांमधलं अंतर स्पेसर लावून वाढवू नका, त्याने बेअरिंगवर मार वाढतो. चाकाचा पाया, म्हणजे पुढच्या-मागच्या हबमधलं अंतर, २१०० मिमी ठेवा. मूळ गाडीचं २१७५ आहे.

टायरबाबत "ड्यून" हा शब्द बाजूला ठेवा. नाशिकमध्ये वाळूचे ढिगारे नाहीत. आपल्याकडे मुरूम, खडी, ढेकळं आणि काळी माती. वाळूचे पॅडल टायर मुरमावर काहीच करत नाहीत. ओम्नीचे आठ प्लायचे टायर घट्ट असतात, ४५० किलोची गाडी त्यांच्यावर चेंडूसारखी उडते. १४५/८० आर १२ चे साधे मोटारीचे टायर घ्या. मूळ १४५/७० चा व्यास ५०८ मिमी आहे, याचा ५३७. उंची १५ मिमीने वाढते आणि गिअर ६ टक्क्यांनी लांब होतो, इंजिन ते झेपवतं. मुरमावर हवा १८ ते २० पीएसआय. त्याहून कमी केली तर टोकदार दगडावर रिम चेपते. काळ्या मातीत पावसाळ्यात कोणताही टायर चालत नाही. चाकात गोळा भरतो, आर्म अडकतात, शाफ्टचे बूट सोलले जातात. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये ठेवा आणि राहिलेलं काम करा. डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र फिरवायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका, शाफ्ट आणि गिअरबॉक्स दोन्ही तुटतात.

ब्रेक आता चारही चाकांना डिस्क झाले, कारण दोन्ही संच पुढचेच आहेत. ऐकायला चांगलं वाटतं, पण इथेच एक गंभीर चूक दडलेली आहे. जोरात ब्रेक मारला, ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट) धरा, की १७ टक्के वजन पुढे सरकतं आणि वाटणी पुढे ५७, मागे ४३ होते. ब्रेक मात्र चारही चाकांना सारखेच. म्हणजे मागची चाकं आधी लॉक होणार आणि गाडी गर्रकन फिरणार. मास्टर सिलिंडरची एक लाइन दोन्ही पुढच्या चाकांना, दुसरी दोन्ही मागच्या चाकांना द्या आणि मागच्या लाइनमध्ये ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) घाला. मोकळ्या मैदानात ३० च्या वेगाने जोरात ब्रेक मारून पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत तो बंद करत जा. बूस्टर लावणार नसाल तर पेडलचं प्रमाण ५ ते ६ला १ ठेवा आणि पेडलची प्लेट ५ मिमीची करा. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली बसला तर ऑइल परत येतं आणि पेडल दोनदा मारावं लागतं, म्हणून तो वर बसवा. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. या कॅलिपरना हँडब्रेक नाही. मागच्या डिस्कवर केबलने ओढला जाणारा वेगळा छोटा कॅलिपर लावा, तोपर्यंत चाकाखाली लाकडी उटी.

रेडिएटर पुढे बसवला तर वारा चांगला लागतो, पण अडीच मीटरचे दोन पाइप, मध्ये हवेचे बुडबुडे आणि पायाखाली उकळतं पाणी. तो मुख्य कमानीच्या मागे, तिरका बसवा आणि ८०० चाच इलेक्ट्रिक पंखा त्याच्या थर्मोस्विचसकट लावा. सीट आणि रेडिएटर यांच्यात फायरवॉलचा पत्रा हवाच. भरण्याचं तोंड सगळ्यांत उंच असू द्या. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय इथल्या गॅरेजमध्ये आहे. तो काढला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि सिलिंडर झिजतात. ठेवा.

इंजिनाचा खरा शत्रू धूळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये मुरमाची भुकटी मागच्या चाकांमागे भिंतीसारखी उभी राहते आणि एअर फिल्टर नेमका तिथेच असतो. हवा घेण्याचं तोंड कमानीच्या वरच्या पाइपापर्यंत आणा, त्यावर फोमचा प्री-फिल्टर, आणि फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतच्या प्रत्येक जोडाला क्लॅम्प. जोडाच्या आत बोट फिरवून बघा, बोटाला धूळ लागली तर रिंगा झिजायला सुरुवात झाली. द्राक्षबागेत काडीवर घड असताना बागेच्या कडेने बग्गी पळवू नका, धूळ घडांवर बसते. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्या.

पेट्रोलची १० लिटरची टाकी पुरते. ती फायरवॉलच्या मागे, पाइपांच्या आत, एक्झॉस्टपासून किमान १५० मिमी लांब. हवेच्या नळीला उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह लावा. कार्बोरेटरच्या थ्रॉटलला दोन स्वतंत्र रिटर्न स्प्रिंग हव्यात. केबल चिखलाने अडकली की एक पुरत नाही. बॅटरी पुढे ठेवली तर स्टार्टरची केबल किमान २५ चौरस मिमीची आणि इंजिन ते चॅसिस वेगळी अर्थिंग. मुख्य स्विच हाताशी, बेल्ट लावूनही पोहोचेल असा.

सीटबेल्ट चार टोकांचे, ३ इंच रुंद. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा मागे १० अंशांपर्यंत खाली उतरून कमानीच्या आडव्या पाइपाला बांधा. ते थेट खाली फ्लोअरला बांधले तर धक्क्यात मणका दाबला जातो. दोघांना हेल्मेट, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना जाळी, आणि २ किलोचं एबीसी फायर एक्स्टिंग्विशर.

सजावटीत खरं करण्यासारखं काम म्हणजे पुढचं फायबरचं बोनेट आणि मडगार्ड. थर्मोकोलचा साचा, वर पीओपी, घासून गुळगुळीत, मेणाचे तीन हात. ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे दोन थर, कडांना तीन. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी नीट मिसळा, हार्डनर शेवटी. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो. उन्हाळ्याच्या दुपारी हार्डनर १ टक्क्यावर ठेवा आणि एका वेळी अर्धा किलोच रेझिन कालवा, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. खालून ३ मिमीची प्लेट मात्र पत्र्याचीच, इंजिनाच्या चेंबरपर्यंत.

तयार झाल्यावर चालवण्याआधी वजनकाट्यावर न्या. कांद्याच्या ट्रॅक्टरांसाठी पिंपळगाव-लासलगावकडे काटे भरपूर आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, दोन्ही वेळा सीटवर दोन माणसं. पुढे ३७ टक्क्यांपेक्षा कमी आलं तर चढावर स्टिअरिंग हलकं पडेल. बॅटरी आणखी पुढे सरकवा. मग शेतात पहिल्या दोन गिअरमध्ये अर्धा तास, थांबून प्रत्येक नट, प्रत्येक होज, दोन्ही बाजूंचे बूट बघा. शॉकअपच्या टोप्या, लोअर आर्मचे ब्रॅकेट आणि टाय रॉडची आतली टोकं इथल्या वेल्डवर लाल डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून तडा शोधा. तेच पहिल्या १० तासांनंतर पुन्हा, रंग देण्याआधी. रंगाखालचा तडा दिसत नाही, म्हणून तोवर सांगाड्यावर फक्त पातळ प्रायमर ठेवा आणि तपासायच्या या वेल्डवर तोही लावू नका.